लादी कापताना, वडी तासताना: घरच्या साबणाबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत तेलाच्या मापापेक्षा साच्यातून काढल्यानंतरचेच प्रश्न जास्त आहेत. लादी कधी कापायची, कडा कशाने मोडायच्या, वर पांढरं का येतं, पावसाळ्यात साबणाला घाम का सुटतो. सगळी उत्तरं थंड पद्धतीच्या साबणाला धरून दिली आहेत. या पद्धतीत तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी कोमट असताना एकत्र घोटून साच्यात ओततात आणि पुढे चार ते सहा आठवडे सुकू देतात. साच्यातून निघतो तो अखंड ठोकळा म्हणजे लादी, आणि तिचा कापलेला तुकडा म्हणजे वडी.

पुस्तकांत आणि व्हिडिओंत ठरलेले दिवस सांगतात: चोवीस तासांनी कापा, आठवड्याने तासा. खानदेशात ते जसेच्या तसे चालत नाहीत. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ ला टेकतो, जानेवारीत धुळे-शिरपूरकडे पहाटे हात गारठतात आणि नवापूरकडे आषाढ-श्रावणात दोरीवरचे कपडेसुद्धा वाळत नाहीत. एकच कृती या तीन हवामानांत तीन वेगवेगळ्या दिवशी कापायला तयार होते. म्हणून दिवस मोजण्यापेक्षा बोट लावून ठरवायचं. पहिले काही दिवस साबणात कॉस्टिक शिल्लक असतं, तेव्हा बोट लावताना रबरी हातमोजे हवेतच.

प्रश्न (पारोळा): पहिल्या खेपेला लादी सुरीला चिकटली, दुसऱ्या खेपेला तिचे तुकडे पडले. कापायची नेमकी वेळ कशी ओळखायची?

लादीच्या कोपऱ्यावर अंगठा टेकवून बेताचा दाब द्या. अंगठा आत रुतला आणि त्याला साबण चिकटून आला, तर अजून थांबा. ठसा अजिबात उमटला नाही आणि नखाने खरवडल्यावर पूड पडली, तर उशीर झाला. हलका ठसा उमटतो पण अंगठा कोरडा राहतो, ताज्या घट्ट पनीरला लागतो तसा स्पर्श लागतो, तीच कापायची वेळ.

ही वेळ कधी येते ते मुख्यतः तेलांवर ठरतं. १ किलो तेलाची एक नेहमीची कृती घेऊ: खोबरेल ३५० ग्रॅम, शेंगदाण्याचं तेल ५५० ग्रॅम, एरंडेल १०० ग्रॅम, कॉस्टिक सोडा १४४ ग्रॅम आणि पाणी २८८ ग्रॅम. यात ५ टक्के तेल साबण न होता मोकळं राहतं. ही लादी हिवाळ्यात ३६ ते ४८ तासांनी आणि उन्हाळ्यात साधारण २० ते २४ तासांनी कापायला येते. खोबरेल ८०-९० टक्के असेल, तर मात्र ८ ते १२ तासांतच कापावी लागते. रात्री ओतून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कापायला घेतली, की सुरी लागताच फुटते. याउलट नुसत्या शेंगदाण्याच्या तेलाची लादी तीन-चार दिवससुद्धा मऊच राहते.

तेवढा धीर धरायचा नसेल, तर किलोभर तेलामागे एक ते दीड चहाचा चमचा साधं मीठ पाण्यात आधी पूर्ण विरघळवून घ्या आणि मग त्यात कॉस्टिक घाला. लादी लवकर घट्ट होते. मीठ यापेक्षा जास्त घातलं, तर फेस कमी येतो आणि लादी ठिसूळ होते. पाणी कमी करणं हा दुसरा उपाय. कॉस्टिकच्या दुप्पट पाणी पुरतं, अडीच-तीन पट घातलं की लादी मऊ राहते आणि पुढे वडी जास्त आकसते. हातमोज्यांइतकीच आणखी दोन पथ्यं आहेत. कॉस्टिक पाण्यात घालायचं, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतायचं नाही. आणि जर्मलचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं भांडं वापरायचं नाही. कॉस्टिक त्याला खातं आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. स्टीलचं भांडं घ्या.

प्रश्न (शिरपूर): वेळेवर कापूनही थंडीत वड्या भुसभुशीत होतात, कडा झडतात. कॉस्टिक जास्त झालं असेल का?

तशी शक्यता आहे, पण थंडीत पहिला संशय वेगळ्या गोष्टीवर घ्या. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. तेल पुरेसं गरम नसेल, तर घोटताना मिश्रण दाट दिसतं, पण तो दाटपणा साबण झाल्याचा नसतो, तेल थिजल्याचा असतो. साच्यात गेल्यावर क्रिया मंद चालते, लादी आतून एकसारखी होत नाही आणि कापताना भुगा पडतो. तेल आणि कॉस्टिकचं पाणी दोन्ही ३८ ते ४२ अंशांवर आणून मिसळा आणि साचा पुठ्ठ्याने झाकून वर गोधडी टाका. दुसऱ्या दिवसापर्यंत लादी हाताला कोमट लागायला हवी.

कापल्यावर मध्यभागी गडद गोल आणि भोवती फिकट पट्टा दिसला, तर मधला भाग चांगला तापला आणि कडेचा नाही असं समजा. हा दिसण्यापुरता दोष आहे, वापरायला साबण ठीक असतो.

कॉस्टिकची शंका असेल, तर चौथ्या दिवशी जिभेची परीक्षा घ्या. ओलं बोट वडीवर दोन-तीनदा फिरवा आणि जिभेच्या टोकाला हलकंच लावा. नुसती साबणाची चव आली तर ठीक. झणझणीत चटका बसला तर लगेच चूळ भरा. वडी आठवडाभर ठेवून पुन्हा पाहा आणि तेव्हाही चटका बसला तर अंगाला लावू नका. रंग बदलणाऱ्या कागदी पट्टीवर या बाबतीत भिस्त ठेवू नये. चांगल्या साबणाचाही पीएच, म्हणजे आम्ल-क्षारपणाचा आकडा, ती ९-१० च्या आसपासच दाखवते, त्यामुळे तिच्यावरून थोडंसं जास्त झालेलं कॉस्टिक कळत नाही. कापलेल्या वडीत पाण्याचे थेंब भरलेल्या पोकळ्या दिसल्या, तर परीक्षेचीही गरज नाही. ते न मिसळलेलं कॉस्टिक आहे. ती लादी तासू नका, बाजूला काढा.

प्रश्न (जामनेर): सुरीने कापलेली प्रत्येक वडी वेगळ्या जाडीची आणि तिरकी निघते. तारेचं यंत्र घ्यावं का?

यंत्राशिवायही भागतं. वाद्यांच्या दुकानात सतारीची किंवा गिटारची साधी पोलादी तार मिळते. साधारण ०.४ मिलिमीटर जाडीची घ्या. गुंडाळी केलेली, पितळी वेढ्याची नको, तिच्या वेढ्यांत साबण अडकतो. दोन्ही टोकांना लाकडी मुठी बांधा, किंवा सुताराकडून करवतीसारखी चौकट करून तीत तार ताणून बसवा. बोटाने छेडल्यावर तार वाजली पाहिजे. ढिली तार साबणात शिरताच मधे मागे राहते, आणि वडी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ येते. तिरकेपणाचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

लादी बसेल अशी लाकडी पेटी करा. तिच्या दोन्ही भिंतींत समोरासमोर २.५ सेंटिमीटरवर खाचा पाडा. खाचा आखताना सुताराचा गुण्या लावा, डोळ्यांच्या अंदाजाने काटकोन साधत नाही. सुरीच वापरायची असेल, तर रुंद, पातळ, बिनदात्यांची घ्या आणि मागेपुढे न करता एका दाबात सरळ खाली न्या. दर दोन वड्यांनंतर पातं कोरड्या फडक्याने पुसा.

वर पाकळ्या, हळद किंवा मसूरपीठ भुरभुरवलं असेल, तर लादी आडवी, कुशीवर ठेवून कापा. उभी कापली की वरचे कण तारेबरोबर खाली ओढले जातात आणि वडीच्या अंगावर रेघा उमटतात.

प्रश्न (यावल): वड्यांच्या कडा धारदार राहतात, अंगाला बोचतात. तासायला गेलं की कपचे उडतात. कधी आणि कशाने तासावं?

साबण घरचा असूनही बाजारात शोभेल असा दिसतो तो इथल्या कामामुळे, म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर देत आहोत.

कापल्या कापल्या तासू नका. वडीचा वरचा थर किंचित सुकून ओढला गेला पाहिजे. हिवाळ्यात हे चौथ्या ते आठव्या दिवसात होतं, एप्रिल-मेमध्ये दुसऱ्या ते चौथ्या दिवसातच. पावसाळ्यात दहा दिवसही लागतात. एका वडीच्या कडेवर पीलर ओढून पाहा. साल सबंध, न तुटता, वेटोळं होऊन सुटली तर बसा कामाला. साल पात्याला चिकटली तर आणखी एक दिवस पंख्याखाली ठेवा. साल न येता पूड पडली तर वेळ निघून गेली आहे. त्याचा उपाय पुढे सांगितला आहे.

हत्यार भाजी सोलायचा साधा पीलरच घ्या, शक्यतो सरळ स्टीलच्या पात्याचा. आडव्या, वाय आकाराच्या पीलरवर दाब सारखा पडतो. वडी डाव्या हातात आडवी धरा, कड वर येऊ द्या, पातं ४५ अंशांत टेकवा आणि एका ओढीत शेवटपर्यंत न्या. कपचे उडतात ते इथेच. पातं कडेच्या दुसऱ्या टोकाला बाहेर पडताना तिथला कोपरा सोबत घेऊन जातं. लाकडावर रंधा मारतानाही असंच होतं, म्हणून सुतार टोक आधी मोडून घेतात. तुम्हीही प्रत्येक कोपऱ्याला आधी पीलरचा एकेक हलका हात द्या आणि मग लांब कड ओढा. किंवा अर्धी कड एका टोकाकडून आणि अर्धी दुसऱ्याकडून मधल्या भागाकडे आणा. दोन हलके हात द्या, एक जड देऊ नका. कडेची पट्टी दोन-तीन मिलिमीटर रुंद दिसली की पुरे. यापुढे गेलात तर वडीचा आकार बोथट होतो आणि वजनही जातं.

वडीला बाराच्या बारा कडा असतात हे लक्षात असू द्या. चार उभ्या कडा बहुतेकांकडून राहून जातात आणि हाताला बोचतात त्या नेमक्या त्याच.

वडीची पृष्ठं तारेच्या रेघांनी खरबरीत असतील, तर ती कडांच्या आधी सपाट करावी लागतात. त्यासाठी सुताराचा छोटा रंधा उलटा करून, पातं वर येईल असा, पाटावर पक्का बसवा आणि वडी त्यावरून ओढा. पातं अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर नको. बोटांची टोकं पात्यापासून लांब राहतील अशी वडी तळव्याने दाबून धरा. रंध्याचं पातं लोखंडी असतं आणि ओल्या साबणाने गंजतं. त्या गंजाचे डाग वडीवर उतरतात. काम झालं की पातं पुसून खोबरेलाचा हात फिरवा.

वेळ निघून गेली असेल, तर वड्या झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, कोपऱ्यात पाण्याची वाटी ठेवा आणि डबा रात्रभर बंद ठेवा. वरचा थर पुन्हा नरमतो. मग हलक्या हाताने तासा. तेही जमलं नाही तर पीलरचा नाद सोडा. बोट पाण्यात बुडवून कडेवरून दोन-तीनदा फिरवलं की कड गोल होते. नंतर वडी दोन दिवस सावलीत सुकवायची. सँडपेपर मात्र वापरू नका. त्याचे कण साबणात रुततात, आणि उडणारी साबणाची बारीक पूड नाकाघशाला झोंबते. कोरड्या वड्या तासताना तोंडाला रुमाल बांधावा तो यासाठीच.

शेवटचा हात सुती फडक्याचा. फडकं पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि प्रत्येक पृष्ठावरून एकदाच एका दिशेने फिरवा. गोल गोल घासलं तर पांढुरके ओरखडे राहतात.

प्रश्न (भुसावळ): उन्हाळ्यात लादीला वरून भेग पडते आणि सुकताना वड्या धनुष्यासारख्या वाकतात.

दोन्हींच्या मुळाशी उष्णता असली तरी भेग साच्यातच पडते. क्रियेची स्वतःची उष्णता आणि खोलीतली ४० अंशांची हवा एकत्र आली, की लादीचा गाभा फुगून वर येतो आणि पाठ फुटते. उन्हाळ्यात पहाटे ओता, तेल आणि कॉस्टिकचं पाणी ३२-३५ अंशांपर्यंत निवू द्या, वर गोधडी घालू नका. साचा जमिनीच्या फरशीवर ठेवा, धाब्याखालच्या माळ्यावर नको. दूध, मध, पिकलेल्या केळ्याचा गर यांतल्या साखरेने उष्णता आणखी वाढते. त्या कृती थंडीसाठी राखून ठेवा. भेग दिसलीच, तर लादी गरम असतानाच हातमोजा घालून बोटांनी दाबून मिटवा. उरलेली खूण वडी तासताना निघून जाते.

वड्या वाकतात ते सुकताना. वरची बाजू कोरड्या हवेत झपाट्याने आकसते आणि खालची टेकलेली बाजू ओलीच राहते. वड्या सपाट ठेवू नका, अरुंद कडेवर उभ्या ठेवा आणि दोन वड्यांत बोटभर अंतर सोडा. पहिले दहा दिवस रोज बाजू बदला. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत थेट पंख्याखाली नकोत, आणि कूलरच्या खोलीत तर अजिबात नकोत. कूलरची दमट हवा रात्री, कोरडी झळ दिवसा, यात वडी कधी ओली तर कधी सुकी होत राहते. वाकलेली वडी रंध्यावर सरळ होते, पण तिचं वजन बरंच घटतं.

प्रश्न (साक्री): वड्यांवर पांढरा भुरा थर येतो. बुरशी आहे का?

बुरशी नाही. वरच्या थरातलं क्रिया न झालेलं कॉस्टिक हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून सोडियम कार्बोनेट तयार होतं. धुण्याचा सोडा तो हाच. अपायकारक नाही, पण रंगीत वडी मळकट दिसते. लादी ओतल्याबरोबर प्लास्टिकचा कागद वर ताणा, तो साबणाला टेकू देऊ नका, आणि कापेपर्यंत काढू नका. घोटताना मिश्रण पुरेसं दाटू द्या. वरून सोडलेली धार क्षणभर रेघ होऊन टिकली पाहिजे. पाणी कमी आणि लादी उबदार, या दोन गोष्टींनीही थर कमी येतो.

आलेला थर वाफेने जातो. केटलीच्या किंवा कुकरच्या वाफेपुढे वडी चिमट्याने वीतभर लांब, पाच-सहा सेकंद धरा आणि मग हात न लावता सुकू द्या. थर जाड असेल तर पीलरने किंवा रंध्याने तासून टाका. म्हणून या वड्या वाफेआधी तासून घेतलेल्या बऱ्या.

प्रश्न (नवापूर): श्रावणात वड्यांवर थेंब साचतात. पुसलं की पुन्हा येतात.

घरच्या साबणात ग्लिसरीन तसंच राहतं आणि ते हवेतली ओल ओढतं. मीठ जास्त घातलेल्या वड्यांना घाम अधिक सुटतो. ओल्या फडक्याने पुसू नका, वाफ तर देऊच नका. कोरड्या सुती कापडाने टिपा आणि खोली बंद करून पंखा लावा. सहा आठवडे पूर्ण झालेल्या वड्या कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात घाला. त्याआधी प्लास्टिकमध्ये बांधल्या तर आतली ओल आतच कोंडते. पावसाळ्यात तासायचंच असेल, तर आदल्या दिवशी वड्या दिवसभर पंख्याखाली ठेवा.

तुम्ही पत्रात मोहाच्या बियांच्या तेलाचंही विचारलं आहे. ते जरूर घ्या. हिवाळ्यात ते थिजतं, आणि त्याच्या या घट्टपणामुळे वडी टणक होते, साल स्वच्छ सुटते. एकूण तेलाच्या २०-२५ टक्के घेतलं तर शेंगदाण्याच्या तेलाचा मऊपणा भरून निघतो. वडी पिवळसर होते, तो दोष नव्हे.

प्रश्न (चोपडा): सरकीचं तेल आमच्याकडे सहज मिळतं म्हणून ७० टक्के वापरलं. दोन महिन्यांनी नारिंगी ठिपके आणि खवट वास. ठिपके तासून वड्या वापराव्यात का?

ठिपका तासून निघतो, पण खवटपणा आतपर्यंत गेलेला असतो. थोड्या दिवसांनी शेजारी दुसरा ठिपका उमटतो. वास सौम्य असेल तर त्या वड्या कपडे-फरशीसाठी आधी संपवा, चांगल्या वड्यांजवळ ठेवू नका.

सरकीच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेइक आम्ल असतं आणि ते हवेने लवकर खवटतं. १५-२० टक्क्यांच्या वर जाऊ नका. तळणीचं उरलेलं तर वापरूच नका. लोखंड आणि तांबं खवटपणा वाढवतात, म्हणून लोखंडी जाळीवर वड्या सुकवू नका. बांबूची टोपली किंवा लाकडी फळी घ्या, वर कोरा कागद अंथरा. बोअरचं पाणी टाळा, त्यात लोह असू शकतं. इन्व्हर्टरमध्ये घालायचं डिस्टिल्ड पाणी चांगलं, फक्त बाटलीवर अ‍ॅसिड लिहिलेलं नाही ना ते वाचून घ्या. किलोभर तेलामागे १० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड पाण्यात विरघळवून घातलं तर हे धातू बांधले जातात. पण ते कॉस्टिकही खातं. त्या १० ग्रॅमसाठी ६ ग्रॅम कॉस्टिक जास्त धरावं लागतं.

प्रश्न (अमळनेर): वाळलेलं गिलकं (घोसाळं) साबणात घालून घासणीची वडी केली. कापताना तार अडकते, सुरी फाडते.

गिलक्याचे धागे ओतल्यानंतर कापायचेच नाहीत. पूर्ण वाळलेलं गिलकं सोला, बिया झटका आणि आधीच अडीच सेंटिमीटरच्या चकत्या करा. ७५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपाला आतून बटर पेपर लावा, खालचं तोंड बंद करा आणि चकत्या एकावर एक रचा. दोन चकत्यांत बटर पेपरची गोल चकती ठेवा आणि प्रत्येक चकती रचली की तेवढाच साबण ओता. मिश्रण जरा पातळ असतानाच ओता आणि पाइप पाटावर आपटा, नाहीतर धाग्यांत हवा राहते. तीन दिवसांनी पाइप दोन तास फ्रीजरमध्ये ठेवला की कांडी आकसते आणि ढकलल्यावर सुटते. वड्या आपोआप वेगळ्या होतात.

आधीच ओतलेली लादी पावाच्या दातेरी सुरीने, करवतीसारखी, दाब न देता कापा. या वडीच्या कडेला पीलर लावू नका, धागा ओढला की साबण उखडतो. बाहेर आलेले धागे कात्रीने छाटा आणि कडा ओल्या बोटाने गोल करा. गिलक्यात पाणी जास्त धरून राहतं, म्हणून सुकायला पुरे सहा आठवडे द्या.

प्रश्न (रावेर): केळीच्या खांबांची राख भरपूर आहे. तिच्या क्षाराने वड्या करता येतील का?

वड्या नाही. केळीच्या राखेत पोटॅश असतं आणि पोटॅशचा साबण मऊ, लेपासारखा होतो. तो कापायला-तासायला येत नाही. शिवाय राखेच्या पाण्याची तीव्रता दर वेळी वेगळी, त्यामुळे तेलाचं माप बसत नाही. घट्ट वडीसाठी कॉस्टिक सोडाच हवा.

प्रश्न (जळगाव, महिला बचत गट): १०० ग्रॅमची वडी सुकल्यावर ८८ भरते. आणि छाप उमटवताना कडा फुटतात.

ताई, वजन कापतानाच वाढवून घ्या. सुकताना साधारण १२ टक्के घट होते, म्हणजे तासलेली वडी ११४ ग्रॅम हवी. ८ × ५.५ × २.५ सेंटिमीटरच्या वडीच्या सगळ्या कडा मोडल्या तर जास्तीत जास्त तीन ग्रॅम जातात. पण एका मोठ्या पृष्ठावरून एक मिलिमीटर रंधा मारला की साडेचार ग्रॅम जातात. नुसत्या कडा मोडणार असाल तर ११७ ग्रॅमला कापा, दोन्ही पृष्ठंही सपाट करणार असाल तर १२६ ग्रॅमला. पाणी जास्त घातलं असेल तर घट १५ टक्क्यांपर्यंत जाते. स्वतःच्या कृतीच्या पाच-सहा वड्यांवर तारीख लिहा, दर आठवड्याला तोला आणि आपला आकडा काढा.

छाप साल सबंध निघते त्याच दिवसांत मारायची. आधी पृष्ठ सपाट करा, मग छाप, कडा सर्वांत शेवटी. छापेच्या दाबाने कड बाहेर ढकलली जाते, आधी मोडलेली असली तरी तिचा आकार बिघडतो. छापेवर अगदी थोडं कॉर्नफ्लोअर ब्रशने लावून झटका, मध्यभागी टेकवा आणि रबरी हातोडीचा एकच ठोका द्या. खोली दीड-दोन मिलिमीटर पुरे. छाप सरळ वर उचला, हलवून काढू नका. पितळी छाप असेल तर काम होताच धुऊन पुसा.

विकण्याआधी एक गोष्ट: अंगाचा साबण विक्रीसाठी बनवायला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालच्या २०२० च्या नियमांनुसार परवाना लागतो. तो राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यायचा. वेष्टनावर निव्वळ वजन छापावं लागतं. ते पूर्ण सुकलेल्या वडीचं धरा.

प्रश्न (पाचोरा): तासलेल्या सालींचं काय करावं?

आठवड्याच्या आतल्या, मऊ साली हातमोजे घालून मुठीत दाबल्या की गोळे होतात. ते इतर वड्यांबरोबरच सुकवा. कोरड्या झालेल्या साली पुढच्या खेपेच्या मिश्रणात, ते दाटायला लागल्यावर घाला. एकूण वजनाच्या पाव हिश्श्यापर्यंत चालतात. त्यांचा साबण आधीच झालेला असल्याने कॉस्टिक वाढवावं लागत नाही. पांढऱ्या साबणात हळदीच्या वडीच्या साली सुंदर दिसतात.

बऱ्याच साठल्या असतील तर वितळवून नवी लादी करा. अर्धा किलो ताज्या सालींत ३०-५० ग्रॅम पाणी घाला, पूर्ण सुकलेल्या असतील तर १०० ग्रॅमपर्यंत. स्टीलच्या झाकणाच्या डब्यात घालून डबा उकळत्या पाण्यात ठेवा. तासाभरात त्या पारदर्शक, चिकट होतात. मधे एक-दोनदाच हलवा, सतत ढवळलं तर फेस होऊन लादी पोकळ होते. गरम असतानाच साच्यात चमच्याने दाबून भरा आणि साचा जोरात आपटा. ही लादी दुसऱ्या दिवशी कापता येते. तिचा पोत खडबडीत राहतो, म्हणून तिला रंध्याचा एक हात जास्त द्या. ठिपके आलेल्या, खवट वासाच्या वड्यांच्या साली यात मिसळू नका, सगळी लादी खवट होईल.